ओकची पेटी आधी उलटी करून बघा

आजचा दिवस सतराव्या शतकातल्या एका इंग्लिश ओक पेटीच्या तपासणीत गेला. अशा वस्तूंचं आकर्षण समजायचं तर कोरीवकामाआधी सांधे बघावेत. सांध्यात सरस नाही की स्क्रू नाही. चौकटीतलं कुसू (लाकडाच्या टोकाला कोरलेली जीभ) खाचेत बसवलेलं, आणि कुसवातलं भोक खाचेच्या भोकापेक्षा मुद्दाम एक-दोन मिलिमीटर खांद्याकडे (कुसू जिथून सुरू होतं तिकडे) सरकवलेलं; ओकची खुंटी ठोकली की सांधा आपोआप आवळतो. साडेतीनशे वर्षांनंतरही तो घट्ट असतो! लाकूड आडवं आकसतं, खुंटी लांबीत जवळजवळ नाही, म्हणून खुंट्यांची टोकं बोटाला किंचित वर आलेली लागतात. अगदी सपाट लागली तर शंका घ्यावी.

मधल्या फळ्या खोबणीत सुट्या असतात. कोणी 'दुरुस्ती' म्हणून त्या चिकटवल्या, की हीटरच्या कोरड्या हवेत त्या हमखास तडकतात.

मागची बाजू आणि तळ नीट पाहा. गोल करवतीचे कमानदार ओरखडे दिसले तर ती फळी बहुधा एकोणिसाव्या शतकातली किंवा नंतरची. किडीची भोकं गोल, दीड-दोन मिलिमीटरची असतात. एरवी आत राहणारे किडीचे लांब बोगदे पृष्ठभागावर उघडे दिसले तर जुनं लाकूड कापून पुन्हा वापरलंय. खिळ्याभोवतीचा निळसर काळा डाग मात्र चांगली खूण: ओकमधल्या टॅनिन या तुरट द्रव्याची लोखंडाशी झालेली क्रिया. बनावटही करतात, पण खरा डाग लाकडात खोल मुरलेला असतो.

पॉलिश कधीही खरवडू नका. मधमाशीचं मेण, अगदी पातळ, वर्षातून एक-दोनदा पुरे.