तुम्ही विचारलंत म्हणून: मॅनेजरांसमोर मी आता का बोलत नाही

"कॅप्टन, आमच्या मॅनेजरांना लीडरशिपवर तासभर सांगा ना. विमान काय, कंपनी काय, शेवटी टीमच सांभाळायची." हे कुणी ना कुणी विचारत असतंच. मी नाही म्हटलं की लोकांना माज वाटतो. माज नाही.

आधी जायचो, मनापासून बोलायचो. मंगळूर सांगायचो. 22 मे 2010, दुबईहून आलेलं विमान धावपट्टीवर येताना नको तितकं उंच. को-पायलट "गो अराउंड", म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर घ्या, म्हणत राहिला, कॅप्टन उतरत राहिला. 158 माणसं गेली. म्हणून, वरिष्ठ चुकत असेल तर बोला, असं मी सांगायचो.

एका कारखान्यात हे ऐकून एक तरुण इंजिनिअर उठला. म्हणाला, डिस्पॅचची तारीख गाठायला आपण टेस्टिंग उरकतोय, हे थांबवायला हवं. प्लांट हेड हसले. "चांगला मुद्दा आहे, ऑफलाइन बोलू." बाकीच्यांच्या माना खाली. चहाच्या वेळी त्याच्याजवळ कुणी फिरकलं नाही. पुढे त्याचाच फोन आला, लांबच्या डेपोत बदली झाली होती. तक्रार नव्हती. "सर, तुमच्याकडे बोलणाऱ्याचं पुढे काय होतं?" एवढंच विचारलं.

सांगितलं. दोनदा हाक देऊनही कॅप्टन गप्प राहिला तर को-पायलटने कंट्रोल्स घ्यायचे, हे सिम्युलेटरमध्ये घोटवून घेतात. गो अराउंड केला म्हणून शिक्षा नाही, हे कंपनीच्या धोरणात लेखी असतं. केस पिकलेल्या कॅप्टनचीही वर्षातून दोनदा परीक्षा होते. कुठल्या डायरेक्टरची होते?

पूर्वी मी आणखी एक म्हणायचो: आम्ही दोघं एकाच विमानात असतो, म्हणून ऐकतो. पण मंगळूरचा कॅप्टनही त्याच विमानात होता. 1978 मध्ये अमेरिकेत पोर्टलंडला लँडिंग गिअरच्या, म्हणजे चाकांच्या चिंतेत इंधन संपवणारा कॅप्टनसुद्धा. पोर्टलंडसारख्या अपघातांनंतरच बोलण्या-ऐकण्याचं हे प्रशिक्षण आलं. सोबत मरण्याच्या भीतीने काम भागलं असतं तर ते लागलंच नसतं.

मॅनेजरचं काम सोपं आहे, असंही मी म्हणत नाही. माझा निर्णय बरोबर की चूक ते बहुतेकदा लँडिंगपर्यंत कळतं. त्यांचा कळायला वर्षं जातात, तोवर कोण बरोबर होतं हेच कुणाला आठवत नाही. अशा ठिकाणी बोलणाऱ्याला कसं वाचवायचं, मला ठाऊक नाही.

तेव्हा बोलवायचंच असेल तर ज्युनिअरांना बसवू नका. प्लांट हेडना एकट्यांना बसवा. येतो.