मांडीवर वॉटर पंप घेऊन

बसमध्ये शेजारच्या काकांनी माझ्या पिशवीकडे दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा विचारलंच, "काय घेऊन चाललात एवढं जड?"

पिशवीत एका जुन्या मालट्रकचा वॉटर पंप होता, म्हणजे इंजिन थंड राहावं म्हणून त्यात पाणी फिरवणारा पंप. बॉडीला तडा गेलेला, शाफ्ट जाम झालेला, आणि डिझेलने तीनदा धुऊनही गंजाचा वास मारणारा.

"नवीन आणायला चाललोय," मी म्हणालो.

"मग जुना कशाला वागवताय?"

काकांना मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. खरं उत्तर मलाच पुढच्या तीन दिवसांत कळायचं होतं.

ट्रक म्हणजे मर्सिडीज एल १११३. कंपनीने १९५९ साली आखूड नाकाच्या गोल बॉनेटचे ट्रक काढले, त्याच घराण्यातला. नावातच त्याची कुंडली आहे: ११ टनांचं एकूण वजन आणि १३० अश्वशक्ती. आत ओएम ३५२ हे सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन. ९७ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), १२८ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची चाल), एकूण ५६७५ सीसी. माझी गाडी कित्येक वर्षं एका जागी उभी होती. हौद्यात गवत उगवलं होतं आणि केबिनमध्ये उंदरांचा संसार. टोचन करून आणली तेव्हा पुढची उजवी बाजू रस्ताभर किंचाळत होती. पण इंजिन पुलीला पाना लावल्यावर हाताने फिरलं आणि तिथेच मी फसलो. इंजिन फिरतंय म्हटल्यावर माणसाला बाकी सगळं किरकोळ वाटायला लागतं.

पंप का गेला, हे मिस्त्रींनी तो उलटा करून दाखवलं. शाफ्टवर, म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्यावर, पाण्याच्या बाजूला सील असतं आणि दुसऱ्या बाजूला बेअरिंग. दोघांच्या मधोमध बॉडीला खालून एक बारीक भोक असतं, निचऱ्याचं. सील झिजलं की पाणी तिथून थेंब थेंब बाहेर येतं, बेअरिंगपर्यंत जात नाही. थेंब दिसला की समजायचं, पंप उघडायची वेळ झाली. आधीच्या कुणीतरी ते भोक म्हणजे गळती समजून सांधे सील करायचा मसाला भरून बुजवलं होतं, वर रंगही मारला होता. गळती थांबली ती अशी. पाणी बेअरिंगमध्ये शिरलं, ग्रीस गेलं, गोळ्या झिजल्या, शाफ्ट डुगडुगू लागला आणि आतल्या पंख्याने बॉडी खरवडून काढली. मिस्त्रींनी सुईने तो मसाला उकरला. हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा निघाला. एवढ्याशा तुकड्यापायी माझा तीन दिवसांचा प्रवास.

पहिला मुक्काम गावाबाहेरच्या भंगाराच्या आवारात. तिथे माझ्याच मॉडेलची गाडी उभी आहे असा निरोप होता, आणि होतीही. फक्त बॉनेट उघडलं तर इंजिनच्या जागी आरपार पलीकडची भिंत दिसत होती. रिकाम्या हाताने कशाला परतायचं म्हणून शेजारच्या दुसऱ्या कंपनीच्या जुन्या ट्रकचं डाव्या बाजूचं चाक काढायला घेतलं. हबचं (चाकाच्या मधल्या भागाचं) माप जुळत होतं, ब्रेकचा ड्रम बघायचा होता. नट हलेना. पान्यावर पाइप चढवला आणि सगळं वजन टाकलं. कडकन आवाज झाला, स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) तुटून हातात आला आणि मी मातीत बसलो. आवाराचे मालक चहाचा कप हातात घेऊन शांतपणे जवळ आले.

"साहेब, स्टडच्या तोंडावर काय लिहिलंय ते पुसून बघा आधी."

अंगठ्याने चिखल पुसला तर इंग्रजी एल कोरलेला. उलटे आटे. चाक फिरताना नट आपोआप सैल होऊ नये म्हणून कित्येक जुन्या ट्रकांत डाव्या बाजूला उलट्या आट्यांचे नट असतात. मी अर्धा तास ते आवळत बसलो होतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण ठाऊक असलेलं वेळेवर आठवेल तर ना. ड्रम शेवटी निघाला. आत एवढी खोल धार पडली होती की लेथवर सफाई केली असती तर मापाची मर्यादा ओलांडली असती. तिथेच ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी पार्टच्या दुकानांची रांग. पहिल्या चार दुकानांत मी गाडीचं नाव सांगितलं आणि चारही ठिकाणी मान हलली. पाचव्या काउंटरवरच्या गृहस्थांनी माझं वाक्य अर्ध्यावर तोडलं.

"गाडी नका सांगू. नंबर सांगा."

मी पंपावर ओतलेला नंबर वाचून दाखवला. ते हसले. तो ओतीव कामाचा नंबर. एकाच ओतीवातून वेगवेगळी भोकं पाडून वेगवेगळे पार्ट तयार होतात आणि तयार पार्टचा नंबर निराळा असतो. मग त्यांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मर्सिडीजचा नंबर कसा वाचायचा ते लिहून दाखवलं. दहा आकडे. इंजिनच्या पार्टमध्ये पहिले तीन इंजिनाचा प्रकार सांगतात, म्हणजे माझे ३५२. पुढे २० ने सुरू होणारा गट आला की समजायचं, पाण्याचं, थंडाव्याचं काम. ४२ आला तर ब्रेक. बेअरिंगचं तर आणखी सोपं. ६३०८ असेल तर शेवटच्या ०८ ला पाचाने गुणायचं, आतलं भोक ४० मिलिमीटर. बाहेरचा व्यास ९०, जाडी २३. बेअरिंग कुठल्या गाडीतून निघालं याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. ऑइल सीलच्या कडेलाही मापं छापलेली असतातच, पण इतकी वर्षं मी ती पुसून फेकत आलो होतो.

त्यांच्याकडे एक नवा पंप होता, मूळ कंपनीचा नव्हे. बोल्टची भोकं तंतोतंत जुळली. मी खिशात हात घालणार इतक्यात त्यांनी माझ्या जुन्या पंपाच्या तोंडावर कोरा कागद ठेवला, बोटाने कडा दाबून ठसा काढला आणि तो नव्या पंपावर धरला. पाण्याची एक वाट निम्मी झाकली जात होती. "बसेल," ते म्हणाले, "पण चढावर गाडी तापेल. मी देणार नाही." गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी प्रथमच पाहिला. आणि बसमधल्या काकांच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच मिळालं. पिशवीत जुना पंप नसता तर तो ठसा कुठून आला असता?

जाता जाता त्यांनी एक गोष्ट सांगितली आणि तीच कामी आली. ट्रक शोधू नका, इंजिन शोधा. ओएम ३५२ फक्त ट्रकमध्ये नव्हतं, बसमध्ये होतं, मर्सिडीजच्याच उनिमोग या खडतर वाटेवरच्या गाडीत होतं, एमबी-ट्रॅक ट्रॅक्टरमध्ये होतं, आणि एका जागी बसून जनरेटर फिरवायलाही वापरलं जायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये असंच एक जनरेटरचं इंजिन सापडलं. ताडपत्री ओढली तर पंप जागच्या जागी. हाताने फिरवून पाहिला, खरखर नाही. पुलीचं हब मात्र वेगळं, त्यावर माझ्या गाडीचा पंखा बसला नसता. पण हब प्रेसवर काढता येतं, आणि माझ्या फुटक्या पंपावरचं हब धडधाकट होतं. निम्मा त्याचा, निम्मा माझा.

परतल्यावर मिस्त्रींनी हब बदललं, सील आणि बेअरिंग नवी टाकली, कागद कापून गॅस्केट केलं. डिझेलची हवा काढली, पाणी भरलं. तिसऱ्या सेल्फला इंजिनने खोकून काळा धूर सोडला आणि मग सहाही सिलिंडर एका लयीत लागले. मी पंपाखाली बोट घातलं. कोरडं.

"आत्ता नाही," मिस्त्री ओरडले, "गरम झाल्यावर बघा!"

पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट घातलं. निचऱ्याचं भोक कोरडंच, पण मनगटावर कोमट थेंब पडला. वर पाहिलं तर रेडिएटरच्या होजला बोटभर चीर. मिस्त्रींनी होजचं आतलं माप घेतलं आणि तो आकडा माझ्या तळहातावर पेनने लिहिला.

"ह्याला बस पकडायची गरज नाही," ते म्हणाले. "सायकलवर जा."