एम८ च्या आट्यातले २८ मायक्रॉन

भोसरीत रोल केलेला एम८ चा बोल्ट आणि तैवानहून आलेला एम८ चा नट. पाना न लावता, दोन बोटांनी नट शेवटपर्यंत फिरतो. त्या दोन कारखान्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो. मग आटे जुळतात कसे? बहुतेक जण म्हणतील, दोघांचं माप एक आहे म्हणून. हे अर्धंच खरं आहे. माप अगदी काटेकोर एकच असतं तर नट बोल्टावर चढलाच नसता. कोणी कुठल्या बाजूला किती चुकायचं हे आधी ठरलंय, म्हणून आटे जुळतात. आंतरराष्ट्रीय मानकात खरं मोल या ठरावाला आहे, आणि ड्रॉइंग वाचताना नेमकं त्याच्याकडेच दुर्लक्ष होतं.

ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं: एम८ × १.२५ – ६जी. एम म्हणजे आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संघटना) मेट्रिक आटा, ८ म्हणजे बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये, १.२५ म्हणजे पिच, दोन आट्यांमधलं अंतर. इथपर्यंत सगळ्यांना येतं. आकडा ६ हा टॉलरन्सचा दर्जा, म्हणजे किती चूक चालेल त्याचा पट्टा किती रुंद ते सांगतो. जी हे अक्षर तो पट्टा शून्य रेषेपासून, म्हणजे मूळ मापापासून, किती खाली सुरू होतो ते सांगतं. बोल्टासाठी लहान लिपीतलं अक्षर, नटासाठी कॅपिटल. १.२५ पिचला ‘जी’ म्हणजे २८ मायक्रॉन खाली (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). म्हणून ६जी बोल्टाचा बाहेरचा व्यास ७.९७२ ते ७.७६० मिमी. नेमका ८.००० मिमीचा बोल्ट ६जी मध्ये नापास होतो, आणि हे ऐकून अनुभवी टर्नरलाही आश्चर्य वाटतं.

जुळणी खरी ठरते पिच व्यासावर, म्हणजे आट्याच्या उतारांवर मोजलेल्या व्यासावर. मूळ माप ७.१८८ मिमी. बोल्ट ७.१६० ते ७.०४२ मध्ये, कॅपिटल एचवाला ६एच नट ७.१८८ ते ७.३४८ मध्ये. सर्वांत जाड बोल्ट आणि सर्वांत घट्ट नट एकत्र आले तरी २८ मायक्रॉनची जागा उरते. माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. जगभरातल्या नटबोल्टांची देवाणघेवाण एवढ्याशा फटीवर चालते.

ही फट मुख्यतः प्लेटिंगसाठी ठेवलेली आहे, आणि वादही सगळ्यात जास्त तिथेच होतात. झिंकचा थर उताराच्या पृष्ठभागाला काटकोनात वाढतो. आट्याचा कोन ६० अंशांचा असल्यामुळे थराच्या जाडीच्या चौपट वाढ पिच व्यासात होते. २८ भागिले ४, म्हणजे एम८ वर जेमतेम ७ मायक्रॉन झिंकला जागा. प्लेटिंगवाल्याला ‘८ मायक्रॉन’ सांगितलं तर वाढ ३२ ची. बोल्ट पट्ट्याच्या वरच्या टोकाला रोल झाला असेल तर हिशोब तिथेच संपला. शिवाय प्लेटिंगच्या फिरत्या बॅरलमध्ये थर सगळीकडे सारखा बसत नाही, बोल्टाच्या टोकांना जाड बसतो. यावर उपाय रोलिंगच्या वेळीच करायचा असतो: सेटिंग पट्ट्याच्या खालच्या अर्ध्यात ठेवायचं, किंवा जास्त क्लिअरन्सचं अक्षर, उदाहरणार्थ ६ई, ग्राहकाशी बोलून ठरवायचं.

दुसरा घोळ तपासणीत होतो. आयएसओ ९६५ म्हणतं की वेगळं काही लिहिलं नसेल तर टॉलरन्स प्लेटिंगच्या आधीच्या मालाला लागू. प्लेटिंगनंतर फक्त शून्य रेषा, म्हणजे लहान लिपीतल्या एचची वरची मर्यादा, ओलांडायची नाही. म्हणजे गो रिंग गेज (बोल्टावर फिरवून बघायची, गेलीच पाहिजे अशी कडी) दोन लागतात: आधी ६जी ची, नंतर लहान एचवाल्या ६एच ची. ग्राहकाच्या इन्स्पेक्शनमध्ये एकच ६जी ची रिंग असेल तर प्लेटिंग केलेला चांगला मालही ती अडवते आणि लॉट परत येतो. अशा वेळी भांडण्यापेक्षा मानकातलं ते वाक्य दाखवावं. त्याहून बरं म्हणजे ऑर्डर घेतानाच ते पर्चेस ऑर्डरवर लिहून घ्यावं.

गेज वापरण्याचेही नियम आहेत. गो रिंग पूर्ण लांबीवर, जोर न लावता गेली पाहिजे. नो-गो, म्हणजे जी जाताच कामा नये ती रिंग, टोकाला थोडी चढली तर चालते, पण दोन फेऱ्यांपलीकडे नाही. नो-गो मनगटाने रेटणं म्हणजे गेज खराब करणं. गो रिंग वापरून झिजली की सैल होते आणि जाड बोल्ट पास करायला लागते. म्हणून ती ठरल्या वेळी चेक प्लगने तपासावी लागते. नटाच्या बाजूला भोक चुकतं. एम८ साठी ६.८ मिमीचं ड्रिल हवं, कारण ६एच मध्ये भोक ६.६४७ ते ६.९१२ च्या मध्ये राहायला हवं. टॅप तुटू नये म्हणून ७ चं ड्रिल मारलं की साधा प्लग गेज ते लगेच पकडतो.

हॉट डिप गॅल्व्हनायझिंगला, म्हणजे वितळलेल्या झिंकमध्ये बुडवण्याला, तर हे २८ मायक्रॉन पुरूच शकत नाहीत. तिथे थर सरासरी ५० मायक्रॉन, म्हणजे पिच व्यासावर २००. आयएसओ १०६८४ ने दोन वाटा दिल्या आहेत: नट मोठा टॅप करायचा आणि त्यावर झेड किंवा एक्स ही खूण मारायची, नाहीतर बोल्ट बारीक करायचा आणि त्यावर यू मारायची. दोन्ही एकत्र कधीच वापरायचे नाहीत. मोठा नट आणि बारीक बोल्ट हाताने छान फिरतात, पण आटे एकमेकांत पुरेसे बसलेले नसतात आणि ताण आला की सोलून निघतात. टॉवर उभारताना साइटवर दोन पुरवठादारांच्या गोण्या मिसळल्या की हा धोका असतो, आणि खूण न वाचता तो कळायला दुसरा मार्ग नाही. शिवाय एम८ आणि एम१० ला गॅल्व्हनायझिंगच्या योग्य जोडीतही भार कमी धरायचा असतो.

आता हे ६० अंश आणि ही अक्षरं ठरवली कोणी?

आपल्याकडे गॅरेजात अजून ‘अडीच सूत’, ‘चार सूत’ चालतं. इंचाचे आठ सूत. सुतातले हे आटे ब्रिटिश. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडच्या निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांच्या सरासरीतून ५५ अंशांचा कोन आणि दर इंचाला किती आटे ते ठरवलं. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंश आणि सपाट माथा सुचवला, कारण तो साध्या कारागिरालाही कापता आणि तपासता येतो. युरोपने १८९८ मध्ये झुरिकच्या परिषदेत ६० अंशांचा मेट्रिक आटा घेतला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी यंत्रांचे सुटे भाग एकमेकांना बसेनात, आणि १८ नोव्हेंबर १९४८ ला वॉशिंग्टनमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने इंचातल्या एकाच आट्यावर सह्या केल्या. त्याच्या आदल्याच वर्षी आयएसओ सुरू झाली होती. तिची तांत्रिक समिती क्रमांक १ कशाची? आट्यांची. भारतीय मानक संस्थाही १९४७ चीच, आणि आयएसओमध्ये भारत सुरुवातीपासून आहे.

सूत आणि मिमी मिसळले की काय होतं ते हातात धरून बघण्यासारखं आहे. अडीच सुताचा व्हिटवर्थ बोल्ट ७.९४ मिमीचा, डोळ्याला एम८ च. पण इंचाला १८ आटे, म्हणजे पिच १.४११. एम८ च्या नटात दर आट्याला ०.१६ मिमीचा फरक साठत जातो. दोन-तीन फेरे बोटांनी जातो, मग अडतो. अडला की पाना लागतो, आणि दोन्ही आटे कामातून जातात. म्हणून नट बोटांनी अडला की उलटा फिरवून काढावा आणि पिच गेज लावावा, पान्याला हात घालू नये.

मानक बनण्याची रीत कागदावर सोपी दिसते. एखादा देश नवा प्रस्ताव देतो. १२ आठवड्यांत मतदान: सक्रिय म्हणजे पी-सदस्यांपैकी मत देणाऱ्यांत दोन तृतीयांश बाजूने हवेत, आणि समितीच्या आकाराप्रमाणे किमान चार किंवा पाच देशांनी आपले तज्ज्ञ द्यायला हवेत. नुसता होकार पुरत नाही, माणूस द्यावा लागतो. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. मग कार्यगटात मसुदा, समितीचा मसुदा, आणि नंतर सर्व सदस्य देशांपुढे डीआयएस नावाचा मसुदा, पुन्हा १२ आठवडे. गरज असेल तर ८ आठवड्यांचं अंतिम मतदान. एका देशाला एक मत, देश लहान असो वा मोठा.

डीआयएसच्या मतमोजणीला दोन चाळण्या आहेत. पी-सदस्यांची दोन तृतीयांश मतं बाजूने, आणि एकूण मतांत विरोध एक चतुर्थांशाहून जास्त नको. समजा २४ पी-सदस्यांनी मत दिलं, १६ बाजूने, ८ विरोधात. शिवाय निरीक्षक देशांची ४ मतं बाजूने. पहिली चाळणी पार. दुसरीत २८ पैकी ८ विरोधी, चतुर्थांशाहून जास्त, मसुदा पडला. एकाच देशाने नाहीचं हो केलं असतं तर २८ पैकी ७ होऊन तो पास झाला असता. तटस्थ मत धरत नाहीत, आणि तांत्रिक कारण न देता केलेला विरोधही मोजत नाहीत. म्हणून खरी लढाई मतपेटीआधी, टिपणांच्या तक्त्यात होते.

झालेलं मानक पाच वर्षांच्या आत पुन्हा तपासणीला येतं: कायम, सुधारणा, किंवा रद्द. पण कागद बदलला म्हणून लोखंड लगेच बदलत नाही. एम१० च्या षटकोनी डोक्याचं माप जुन्या जर्मन डिन मानकात १७ मिमी होतं, आयएसओने ते १६ केलं. एम१२ चं १९ वरून १८. अनेक वर्षं झाली, तरी बाजारात दोन्ही मिळतात. आपल्या सोळा-सतराच्या पान्याचं एक टोक आयएसओचं, दुसरं डिनचं. अठरा-एकोणीसचंही तसंच. बारा-तेराच्या पान्यात १३ एम८ चं, तर १२ जपानी गाड्यांवरच्या लहान डोक्याच्या एम८ चं. यंत्राची रचना करताना ‘एम१० हेक्स बोल्ट’ एवढंच लिहिलं तर यातलं काहीही येऊ शकतं. सॉकेटला जागा १६ ची ठेवली आणि आला १७ चा, की असेंब्ली लाइन थांबली. लिहायचं असं: आयएसओ ४०१४, एम१० × ६०, ८.८.

हा ८.८ ही मानकाचाच. पहिल्या आकड्याला १०० ने गुणलं की ताणशक्ती, ८०० मेगापास्कल, त्याचा ०.८ म्हणजे ६४० ला बोल्ट कायमचा ताणायला लागतो. डोक्यावर हा आकडा आणि बनवणाऱ्याची खूण दोन्ही हवेत. खूण नसेल तर तो ८.८ समजून लावू नये.

मानक स्वतःहून कोणाला बांधत नाही. करारात, ड्रॉइंगवर किंवा सरकारी आदेशात त्याचा क्रमांक आला की ते बंधनकारक होतं. जागतिक व्यापार संघटनेचा १९९५ चा तांत्रिक अडथळ्यांविषयीचा करार सांगतो की देशांनी आपले नियम शक्य तिथे आंतरराष्ट्रीय मानकांवर बेतावेत. म्हणूनच भारतात मेट्रिक आट्यांसाठी आयएस ४२१८ आणि फास्टनरसाठी आयएस १३६७ आयएसओच्याच वळणावर चालतात. तिकडे बसून कोणी २८ चे ३० केले तर ते फिरून कोल्हापूरच्या उद्यमनगरात येणार. म्हणून मसुदा चर्चेत असतानाच इथून बोललं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी जिनिव्हाला जावं लागत नाही. भारतीय मानक ब्युरो आपले मसुदे ठरावीक काळ सर्वांसाठी खुले ठेवतो. कोणताही कारखानदार टिपण पाठवू शकतो. फक्त ते नीट लिहावं. ‘तक्ता ३ मधली सूट अपुरी आहे’ एवढ्यावर समिती काहीच करू शकत नाही. कलम आणि तक्त्याचा क्रमांक, टिपण सर्वसाधारण, तांत्रिक की भाषेपुरतं, मग कारण आकड्यांसह: किती बोल्ट मोजले, थर कुठे किती मिळाला, कोणत्या गेजने. आणि शेवटच्या रकान्यात बदललेलं वाक्य जसंच्या तसं, म्हणजे समितीने ते उचलून मसुद्यात ठेवायचं तेवढं बाकी राहील.