एप्रिलात पळणारा, फेब्रुवारीत रखडणारा अहवाल

म्हापशातल्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या हिशेबनिसांचा फोन आला. "बाब, पार्टीवार उतारे निघता निघत नाहीत. एप्रिलात झटक्यात येतात, फेब्रुवारी आली की अडकतात. सगळे म्हणतात, रॅम वाढवा."

रॅमचं राहू दे, मला त्यातलं 'एप्रिलात झटक्यात' महत्त्वाचं वाटलं. वर्षाच्या नोंदींची एक्सएमएल फाइल (खुणांमध्ये बांधलेली माहिती) 1 एप्रिलपासून साठत जाते. तिच्यातून उतारे काढणारी एक्सएसएलटी स्टाइलशीट, म्हणजे रूपांतराच्या नियमांची फाइल, तीच, मशीन तेच, बदलतो तो फक्त आकार. मग वेळ आकाराच्या प्रमाणात वाढतो, की त्याहून जास्त?

दुपारी पणजीहून म्हापसा गाठलं. शुक्रवारच्या बाजारामुळे दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आतल्या खोलीत टास्क मॅनेजर प्रोसेसरचा वापर 25 टक्के दाखवत होता, म्हणून मशीन निवांत आहे असा सगळ्यांचा समज. पण ते चार कोअरचं, आणि स्टाइलशीट चालवणारा एक्सएसएलटीप्रॉक हा प्रोग्राम एकाच कोअरवर चालतो. म्हणजे एक कोअर पूर्ण राबत होता. मेमरी निम्मी रिकामी. रॅमचा प्रश्न तिथेच मिटला.

एक्सएसएलटीप्रॉक 'टायमिंग' पर्याय लावून चालवला. फाइल वाचायला जेमतेम सेकंदभर, बाकी सगळा वेळ रूपांतरात. मग फाइलचे तुकडे करून मोजलं: 5,000 नोंदींना 9 सेकंद, 10,000 ना 37, 20,000 ना अडीच मिनिटं. नोंदी दुप्पट, वेळ चौपट. हा आकडा दिसला की कोड न उघडताही आत काय आहे ते कळतं: प्रत्येक नोंद बाकीच्या नोंदींशी ताडली जातेय. 'प्रोफाइल' लावल्यावर जागाही सापडली: फक्त एकदाच चाललेल्या एका टेम्पलेटच्या (स्टाइलशीटमधल्या एका नियमाच्या) नावावर जवळजवळ सगळा वेळ.

त्यात प्रत्येक पार्टी एकदाच यावी म्हणून 'प्रिसीडिंग-सिब्लिंग'ची अट होती. प्रत्येक नोंद आधीच्या सगळ्या नोंदींत आपलं नाव शोधायची. 60,000 नोंदींच्या सुमारे 180 कोटी तुलना! लिहिणाऱ्याला दोष देणार नाही. शंभर नोंदींवर ही अट उत्तम चालते.

एक्सएसएलटी 2.0 मध्ये, म्हणजे 2007 पासून, गट करायला 'फॉर-ईच-ग्रुप' आहे. पण एक्सएसएलटीप्रॉक 1999 च्या 1.0 वरच चालतो. म्हणून 'एक्सएसएल-की' वापरून गट करायची मुंचियन नावाची पद्धत बसवली. पार्टीच्या नावांची सूची एकदाच तयार होते, आणि त्या नावाची पहिली नोंद तेवढी उचलली जाते. काही सेकंदांत उतारे बाहेर.

हिशेबनीस खूश, पण जुना-नवा निकाल ताडून पाहिल्याशिवाय मी काम सोडत नाही. एकूण बेरजेत फरक निघाला. रोखीच्या विक्रीत पार्टीचं नावच नसतं. जुन्या अटीत अशी प्रत्येक नोंद स्वतंत्र ओळ म्हणून यायची; सूचीत मात्र बिननावाची नोंद शिरतच नाही, आणि निमूट गळते. वेग वाढवताना हिशेबातून पैसे गायब होणं मला अजिबात खपत नाही. रोखीसाठी वेगळं टेम्पलेट लिहिलं, दोन्ही निकाल पुन्हा ताडले. या वेळी हिशेबनिसांनी स्वतः कॅलक्युलेटर घेऊन बेरीज लावली, आणि पैशापर्यंत जुळली.