फॉर्मवरचा तो रकाना

"ताई, पोराच्या जिवाचं काय होईल ते कळेना, आणि तुम्ही आत्ताच त्याच्या मुलाबाळांचं कुठे काढता?" कॅन्सर वॉर्डात मी समुपदेशनाचं काम करते. हा प्रश्न आया नेहमी विचारतात, रागाने विचारतात, आणि तो राग मला समजतो.

केमो सुरू झाल्यावर विचारून फारसा उपयोग नसतो, म्हणून. ती औषधं अंडाशयाला आणि वृषणालाही इजा करू शकतात. पुढे मूल व्हावं म्हणून मुलाचं वीर्य आधीच, एक-दोन दिवसांत गोठवता येतं. मुलीला स्त्रीबीजांसाठी 10-12 दिवस इंजेक्शनं घ्यावी लागतात, आणि तेवढं थांबायची सवड प्रत्येक आजार देत नाही.

आयांना मी एवढंच सांगते. पण माझा जीव अडकलेला असतो तो गोठवण्याच्या संमती-फॉर्मवरच्या एका रकान्यात: रुग्ण दगावला तर गोठवलेल्या सँपलचं काय करायचं? कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांसाठीच्या 2021 च्या कायद्यानुसार हे आधीच लिहून घ्यावं लागतं. कालच बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडलेल्या 22 वर्षांच्या मुलाला हे विचारायचं. पुष्कळदा पेन वडिलांच्या हातात असतं.

2018 साली पुण्यात एका आईला, मुलगा कॅन्सरने गेल्यानंतर, त्याच्या गोठवलेल्या वीर्यातून सरोगसीने जुळी नातवंडं झाली. उपचारांआधीच जर्मनीत त्याने आई आणि बहिणीला तसा अधिकार दिला होता. 2025 मध्ये दुसरी एक आई मुंबई उच्च न्यायालयात गेली. तिच्या अविवाहित मुलाने फॉर्मवर 'मृत्यूनंतर नष्ट करा' हा पर्याय निवडला होता; घरी न विचारता, असं तिचं म्हणणं. न्यायालयाने तूर्त सँपल सांभाळून ठेवायला सांगितलं.

त्या मुलाने घाबरून खूण केली की विचार करून, हे आता त्याला विचारता येणार नाही. तरी मला वाटतं, त्याने लिहिलं तेच पाळावं. त्या आईसमोर बसून हे बोलणं मला फार जड जाईल, पण मत तेच राहील.

म्हणून मी नातेवाइकांना चहाला पाठवते आणि रुग्णाशी एकटीने बोलते. वेळ असेल तर दोन दिवसांनी तोच फॉर्म पुन्हा समोर ठेवते. मागे एका मुलीने दुसऱ्या वेळी खूण बदलली. का, ते मी विचारलं नाही. तिची आई बाहेर डबा घेऊन उभी होती, तिला आत बोलावलं.