रजेवरून न परतलेला शिपाई आणि कायद्याचे तीस दिवस

दापोली-मंडणगडाच्या पट्ट्यात पलटणीतली नोकरी कित्येक घरांत पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. अशा गावात रजेवर आलेला शिपाई भाताच्या लावणीसाठी किंवा आईच्या आजारपणामुळे ठरल्या दिवशी परत गेला नाही, की 'पळून आला' असा शिक्का त्याच्यावर चटकन बसतो. कायदा मात्र इतकी घाई करत नाही, आणि हे प्रत्येक फौजी कुटुंबाला ठाऊक असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

१९५० च्या सेना अधिनियमात पलायन (कलम ३८) आणि परवानगीविना गैरहजेरी (कलम ३९) हे दोन वेगळे गुन्हे आहेत. परत न जाण्याचा इरादा सिद्ध होतो की नाही, यावर सारे ठरते. गैरहजेरीला तीन वर्षांपर्यंत आणि पलायनाला सात वर्षांपर्यंत कारावास आहे. मात्र युद्धसेवेवर असताना किंवा तिचा हुकूम मिळाल्यावर पळाल्यास देहदंडही होऊ शकतो. गैरहजेरीचे ३० दिवस भरले की चौकशी न्यायालय, म्हणजे गैरहजेरीची चौकशी करणारे लष्करी मंडळ, बसते. पोलिसांना फरार शिपायाला वॉरंटशिवाय पकडता येते, पण त्याला जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावेच लागते.

युद्धकाळात ही सावधगिरी सुटली की काय होते, हे पहिल्या महायुद्धात दिसले. थॉमस हायगेट हा ब्रिटिश शिपाई ६ सप्टेंबर १९१४ रोजी फ्रान्समधल्या एका कोठारात सापडला; त्याच दिवशी पलायनाचा खटला चालला, बचावाला कोणी नव्हते, आणि ८ तारखेला त्याला गोळ्या घातल्या गेल्या. पलायन, भ्याडपणा अशा गुन्ह्यांसाठी मारल्या गेलेल्या ३०६ जणांना ब्रिटनने २००६ मध्ये माफी दिली, तरी त्या कायद्याने मूळ दोषसिद्धी रद्द केली नाही. ही माफी मला अपुरी वाटते, कारण ज्यांची बाजू कधी ऐकलीच गेली नाही, त्यांच्या नावावर गुन्हा तसाच राहिला.

आपल्याकडे समरी जनरल कोर्ट मार्शलमध्ये (तातडीने भरणाऱ्या लष्करी न्यायालयात) किमान तीन अधिकारी असतात, आणि देहदंडासाठी सर्वांचे एकमत लागते. तरीही खटल्यापर्यंत गोष्ट जाऊच नये, हे बरे. गावी अडकलेल्या शिपायाने रजा संपण्यापूर्वीच पलटणीला लेखी कळवून मुदतवाढ मागावी, डॉक्टरांचे कागद जोडावेत, पाठवलेल्या प्रत्येक अर्जाची पोच जपून ठेवावी, आणि उशीर झालाच तर कोणी पकडायला येण्याची वाट न पाहता स्वतः हजर व्हावे.