एक्स-रे परत का काढावा लागला? सोलापुरात रेडिओग्राफीची पदवी शिकताना

पदवीच्या पहिल्या वर्षी मी एक दोनशे पानी वही घातली आणि तिच्यावर ‘रिपीट’ असं लिहिलं. विभागात एखादा एक्स-रे दुसऱ्यांदा काढावा लागला की तीन रकान्यांत नोंद करायची: शरीराचा भाग, बिघडण्याचं कारण, दुरुस्ती. पेशंटचं नाव लिहायचं नाही. परत काढलेला प्रत्येक एक्स-रे म्हणजे पेशंटला पुन्हा रेडिएशन, म्हणून कारण कळलंच पाहिजे असा माझा हट्ट होता. मला अर्धं फिजिक्स या वहीमुळेच समजलं. बारावी सायन्सला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी घेऊन या पदवीला येणाऱ्यांसाठी त्या वहीतलं सांगतो.

सुरुवात अ‍ॅनाटॉमीपासून. पुस्तकातली चित्रं पाठ करून टेबलाजवळ काही उपयोग होत नाही. हाडं हाताला लागली पाहिजेत. मानेच्या तळाशी मागे जो ठळक मणका लागतो तो सी-सात, म्हणजे मानेचा सातवा मणका. खवाट्याचं खालचं टोक साधारण टी-सातच्या, म्हणजे पाठीच्या सातव्या मणक्याच्या पातळीला. कमरेच्या हाडाची वरची कड एल-चारजवळ, म्हणजे कमरेच्या चौथ्या मणक्याजवळ. मांडीच्या बाहेरच्या बाजूला वर लागणारा ग्रेटर ट्रोकँटर आणि जांघेतला प्युबिक सिम्फिसिस (ओटीपोटाच्या तळाशी पुढे असलेला हाडांचा सांधा) जवळजवळ एकाच पातळीत, त्यामुळे पेशंटच्या अवघड जागी हात न लावता पोटाच्या एक्स-रेची खालची हद्द ठरवता येते. मुतखड्यासाठी केयूबी (किडनीपासून मूत्राशयापर्यंतचा पोटाचा एक्स-रे) काढताना सिम्फिसिस फिल्ममध्ये आलाच पाहिजे. तो कापला गेला की मूत्राशयाच्या तोंडाशी अडकलेला खडा दिसत नाही आणि एक्स-रे परत काढावा लागतो. सोलापुरात उन्हाळ्यात केयूबी भरपूर असतात. माझ्या वहीत या एकाच कारणाच्या नोंदी पानभर आहेत.

फिजिक्सला मुलं घाबरतात. खरं तर रोजच्या कामाला चारच गणितं लागतात, पण ती तोंडी जमली पाहिजेत. अंतर दुप्पट झालं की किरणांची तीव्रता चौथाईवर येते. १०० सेंटिमीटरवर ५ एमएएस (ट्यूबमधला करंट गुणिले वेळ) लागत असतील तर १८० सेंटिमीटरवर १.८ चा वर्ग, म्हणजे ३.२४ पट, जवळपास १६ एमएएस लागतील. केव्ही (ट्यूबचा व्होल्टेज) १५ टक्के वाढवला तर एमएएस निम्मा करता येतो; म्हणजे ६० चे ६९ केले की १० चे ५. ग्रिडशिवायचा एक्स-रे ८:१ ग्रिडवर (विखुरलेली किरणं अडवणारी शिशाच्या पट्ट्यांची जाळी) घ्यायचा तर एमएएस साधारण चौपट. चौथं गणित उष्णतेचं: ट्यूबमध्ये खर्च होणाऱ्या ऊर्जेतली एक टक्क्याहून कमी एक्स-रे होते, बाकी सगळी उष्णता. अ‍ॅनोडला, म्हणजे ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉन जिथे आदळतात त्या टोकाला, टंगस्टन वापरतात ते त्याचा वितळणबिंदू ३४०० अंशांच्या वर असल्यामुळे आणि त्याचा अणुक्रमांक ७४ इतका मोठा असल्यामुळे. सकाळी थंड ट्यूबवर एकदम मोठा एक्सपोजर दिला तर अ‍ॅनोडला तडा जाऊ शकतो, म्हणून आधी कमी एक्सपोजरवर वॉर्म-अप करायचा. घाईत हाच टप्पा गाळला जातो.

हील इफेक्ट वायव्हात (तोंडी परीक्षेत) हमखास विचारतात, पण टेबलाशी तो विसरला जातो. अ‍ॅनोडच्या बाजूला किरणं कमी, कॅथोडच्या बाजूला जास्त. मांडीच्या हाडाचा एक्स-रे घेताना जाड भाग, म्हणजे खुबा, कॅथोडकडे ठेवायचा. उलटा ठेवला तर गुडघा काळाकुट्ट आणि खुबा पांढराफटक येतो. ट्यूबवर दोन्ही टोकांच्या खुणा असतात. पहिल्याच दिवशी त्या शोधून ठेवा.

आता छातीचा पीए, म्हणजे किरणं पाठीकडून छातीकडे जाणारा एक्स-रे. दिसायला सगळ्यात सोपा, पण परत काढावा लागतो तो सगळ्यात जास्त. अंतर १८० सेंटिमीटर, कारण जवळून घेतला तर हृदय मोठं दिसतं. हनुवटी वर, खांदे खाली आणि पुढे वळवलेले, म्हणजे खवाटे फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. किरणांचा मध्य टी-सातवर, सी-सातपासून मोजलं तर बायकांना साधारण १८ आणि पुरुषांना २० सेंटिमीटर खाली. एक्स-रे आला की आधी तो नीट आलाय का ते बघायचं: हसळीच्या हाडांची आतली टोकं मणक्याच्या काट्यापासून सारख्या अंतरावर आहेत का, आणि डायफ्रॅमच्या वर मागच्या दहा बरगड्या मोजता येतात का. टोकं असमान असतील तर पेशंट वळलेला होता. बरगड्या आठच असतील तर श्वास अर्धवट घेतला होता, आणि अशा फिल्ममध्ये फुप्फुसांचा खालचा भाग उगाच आजारी वाटतो.

हा अर्धवट श्वास सोलापुरात बऱ्याचदा भाषेमुळे होतो. पूर्व भागातली विणकर आणि विडी कामगार मंडळी तेलुगू बोलणारी, अक्कलकोटकडून येणारी कानडी. “श्वास रोखा” हे पुस्तकी वाक्य मराठी म्हाताऱ्यालाही पटकन कळत नाही; “दम भरून घ्या, धरा, सोडा” कळतं. तेलुगूत “ऊपिरि पील्चंडि, बिगबट्टंडि, वदलंडि”. कानडीत “उसिरु तगोळ्रि, हिडीरि, बिडरि”. हे नऊ तुकडे पाठ करा. दारामागे जाण्याआधी पेशंटसमोर उभं राहून एकदा करून दाखवा आणि त्याच्याकडून करून घ्या. एक्सपोजर दुसऱ्या श्वासाला द्यायचा. पहिल्यापेक्षा दुसरा श्वास खोल जातो.

गाऊन घालायला लावल्यावरही मागे राहणाऱ्या गोष्टी: गळ्यातला ताईत, मंगळसूत्र, ब्लाउजचे हुक, पदराची सेफ्टी पिन, पोलक्याची जर. पण फसवते ती वेणी. जाड, ओली वेणी खांद्यावर राहिली तर तिची सावली नेमकी फुप्फुसाच्या टोकावर पडते, आणि टीबी तर तिथेच शोधायचा असतो. केस वर बांधायला सांगायचंच.

ग्रिडचे घोटाळे पोर्टेबलवर, म्हणजे पलंगाशी नेऊन एक्स-रे काढायच्या मशीनवर होतात. मऊ गादीवर पेशंटखाली सारलेली ग्रिड एका बाजूला कलते, किरणं तिच्या शिशाच्या पट्ट्यांत अडतात आणि छातीची एक बाजू फिकट येते. डॉक्टरांना ते छातीत पाणी झाल्यासारखं वाटू शकतं. खाली घडी केलेली चादर सारून ग्रिड समतल करा. पोर्टेबलला आपण किमान २ मीटर लांब उभं राहायचं, अंगात शिशाचा अ‍ॅप्रन घालून, किरणांच्या वाटेत नाही.

सीआर आणि डीआर, म्हणजे डिजिटल एक्स-रे, आल्यापासून फिल्म फार काळी किंवा फार पांढरी येणं हे परत काढण्याचं कारण जवळजवळ संपलं, पण वेगळा धोका आला. एक्सपोजर जास्त झाला तरी संगणक चित्र देखणं करून देतो. कमी झाला तर दाणेदार येतं. त्यामुळे हात हळूहळू जास्त एमएएसकडे झुकतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून प्रत्येक चित्राचा एक्सपोजर इंडेक्स (चित्राला किती किरणं मिळाली ते सांगणारा आकडा) बघायची सवय पहिल्या महिन्यातच लावा. डावा-उजवा मार्करही शिशाचाच लावा, एक्सपोजरच्या वेळी, कॅसेटवर. नंतर पडद्यावर टाकलेला ‘आर’ हा आठवणीवर टाकलेला असतो.

टीएलडी बॅजबद्दल (आपल्याला लागलेलं रेडिएशन मोजणारा बिल्ला) थोडं सविस्तर, कारण इथे निष्काळजीपणा फार दिसतो. बॅज छातीवर, अ‍ॅप्रनच्या आत. तो दुसऱ्याला द्यायचा नाही. काम संपलं की कंट्रोल बॅजजवळ (कोणी न घालता तुलनेसाठी ठेवलेला बॅज), रेडिएशन आणि उष्णता नसलेल्या जागी. अ‍ॅप्रनला अडकवून तो एक्स-रे रूममध्येच राहिला तर अंगावर नसतानाही डोस नोंदला जातो, आणि मग खुलासे देत बसावं लागतं. आपल्याकडे मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (रेडिएशन डोसचं माप), आणि कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. अ‍ॅप्रन घडी घालून ठेवू नका; आतल्या शिशाला चिरा पडतात आणि त्या वरून दिसत नाहीत.

सीटी आणि एमआरआयच्या पोस्टिंगमध्ये बटणं शिकायला फार दिवस लागत नाहीत. सीटीत कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक येण्यासाठीचं औषध) द्यायच्या आधी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि अ‍ॅलर्जी विचारणं, एमआरआयत दारातच पेसमेकर, शस्त्रक्रियेत बसवलेली क्लिप आणि डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का ते विचारणं, हे खरं काम. चुंबक रात्रीही चालूच असतो. ऑक्सिजनचा साधा लोखंडी सिलेंडर आत नेणारा माणूस बहुधा घाईत असतो, म्हणून दाराशी आपण उभं राहायचं.

वहीची शेवटची पानं इंटर्नशिपमधली, आणि त्यात जास्त नोंदी लहान मुलांच्या छातीच्या एक्स-रेच्या आहेत, कारण सगळीकडे एकच: हालचाल. धरायला घरचा माणूस घ्यायचा, कर्मचारी नाही. त्याला अ‍ॅप्रन द्यायचा, आणि आई असेल तर ती गरोदर नाही ना हे आधी विचारायचं. एमए (ट्यूबमधला करंट) जास्त, वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागांत. मूल रडत असेल तर ते गप्प होण्याची वाट बघू नका. हुंदक्यानंतर ते मोठा श्वास आत ओढतं, पोट फुगतं. बटण तेव्हा दाबायचं.